पुण्याहून गावी परतताना: चार एकर कोरडवाहू, पावणेतीन लाख रुपये आणि पहिलं वर्ष

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमच्यासारखे बरेच जण याच वळणावर उभे आहेत, म्हणून उत्तर सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते. त्यासाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते.

वय ३३. चाकणला नऊ वर्षं, ठेकेदारामार्फत वेल्डिंगच्या कामावर. हातात १७ हजार पडतात. वहिनी पॅकिंगला जातात, त्यांचे ११ हजार. मुलगी दुसरीत. इकडे यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात वडिलांना लकवा मारला, आई एकटी पडली, आणि चार एकर कोरडवाहू वावर यंदा बटईने (अर्ध्या वाट्यानं) दिलं आहे. नऊ वर्षांत पावणेतीन लाख साठले. तुम्ही विचारता, गावी येऊन गाई घेऊ, शेळ्या घेऊ, किराणा टाकू, की हप्त्यावर गाडी घेऊन प्रवासी भरू? मित्र म्हणतात, आणखी चार एकर ठोक्यानं (वर्षाचं भाडं रोख भरून) कर, वावरातच सगळं आहे.

मी २३ वर्षं यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांत, मधली काही वर्षं गडचिरोलीत, बचत गटांच्या आणि गावातल्या रोजगाराच्या कामात आहे. शहरातून परत आलेली शेकडो घरं जवळून पाहिली. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि पोरं ट्रकनं, पायी, मेपासून श्रमिक रेल्वेगाड्यांनी गावोगाव उतरली, तेव्हा तर रोज हाच प्रश्न कानावर येत होता. त्यातली बरीच दीड-दोन वर्षांत परत पुण्याला, सुरतला, हैदराबादला निघून गेली. त्यांनी निवडलेला धंदा तोट्याचा होता म्हणून ती गेली, असं फार थोड्यांच्या बाबतीत म्हणता येईल. बहुतेकांच्या धंद्यात पैसा होता, पण तो घराला लागेल तेव्हा येत नव्हता.

म्हणून तुमच्या यादीतल्या प्रत्येक कामाला पहिला प्रश्न विचारा: यात पैसा कधी येतो? किती येतो हे त्यानंतर.

शहरानं तुम्हाला एक सवय लावली आहे. सात तारीख आली की पगार, त्यातून खोलीचं भाडं, किराणा, फी. गावात सात तारीख नसते. तुमच्या चार एकरांचं गणित मांडून बघू. सोयाबीन आणि त्यात तुरीच्या ओळी, हे आपल्याकडचं नेहमीचं पीक. बरं वर्ष धरा. एकरी ५ क्विंटल सोयाबीन, भाव ४,२०० धरला तर २१ हजार. दीड क्विंटल तूर, ७ हजारांनी साडेदहा हजार. एकूण साडेएकतीस. बियाणं, खत, फवारणी, निंदण, सोंगणी (कापणी), मळणी मिळून एकरी १६ हजार तरी जातात. राहिले साडेपंधरा. चार एकरांचे ६२ हजार, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्या थोडे वर. भाव मी मुद्दाम कमी धरला आहे. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार समितीत कितीतरी शेतकऱ्यांनी चार हजारांच्या आसपास माल टाकला, ते मी बघितलं आहे.

पण पाच हजार महिना हा आकडा फसवा आहे, कारण तो महिन्याला येत नाही. जूनमध्ये बियाणं आणि खत. जुलैत निंदण, डवरणी (कोळपणी). ऑगस्टमध्ये दोन-तीन फवारण्या, त्याच सुमारास पोळा, शाळेचा खर्च, आणि पावसाळ्यात घरात कोणीतरी आजारी. सप्टेंबरात हात पूर्ण कोरडे. ऑक्टोबरात आधी सोंगणीचा ठेका रोख द्यायचा, मग मळणी, मग कुठे पहिला पैसा. तूर निघते जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणजे वर्षातून दोनदा पैसा आणि जून ते ऑक्टोबर नुसतं देणं. सावकाराकडे माणूस जातो तो याच पाच महिन्यांत. अलीकडे फायनान्सवाल्यांच्या गटकर्जाकडे जातात आणि आठवड्याचा हप्ता डोक्यावर घेऊन येतात. सहा महिन्यांनी येणाऱ्या पैशावर आठवड्याचा हप्ता घेतलेलं घर मी सुखात बघितलेलं नाही.

याची आणखी एक बाजू आहे. घरात रोजचा पैसा नसला की सोयाबीन ओलं असतानाच विकावं लागतं. खरेदीला ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो, त्यावर गेला की व्यापारी भाव पाडतो. ज्याची दिवाळी त्या पोत्यांवर अवलंबून आहे तो थांबू शकत नाही. ज्याच्या घरात दुसरीकडून आठवड्याला दोन-तीन हजार येतात तो माल वाळवतो, चाळतो, बाजार समितीत तारण ठेवतो. शेतमाल तारण योजना आपल्या राज्यात १९९०-९१ पासून आहे, मालाच्या किमतीच्या ७५ टक्के रक्कम ६ टक्के व्याजानं मिळते, आणि तरी ती वापरणारे मोजके. थांबल्यावर भाव दरवर्षी चढतोच असं नाही, २०२४ चं सोयाबीन ठेवून बसलेल्यांना फारसं काही मिळालं नाही. पण ओलाव्याची कपात तरी वाचते, आणि विकायचा दिवस आपण ठरवतो. चार एकरांतून जास्त मिळवायची एक वाट अशी वावराच्या बाहेरून जाते. मित्रांना हे सांगून बघा.

ठोक्याच्या जमिनीचं याच हिशोबात उत्तर आहे. ठोका भरायचा गुढीपाडव्याला, रोख. पीक यायचं दिवाळीला, आलं तर. पहिल्या वर्षी अजिबात नको. नऊ वर्षांत हात वावरातून सुटले आहेत. कोणतं बियाणं, फवारणी कधी, मजूर कोणाकडून सांगायचे, हे सगळं आई आणि बटईदाराकडून पुन्हा शिकून घ्या. स्वतःचे चार एकर एक वर्ष करा, मग बोलू.

आता गाई. याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथे माझ्या हातून चूक झालेली आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका गावात परत आलेल्या चार पोरांना मी स्वतः दुधाच्या धंद्यात घातलं. कर्ज काढून प्रत्येकी पाच संकरित गाई, बाहेरच्या जिल्ह्यातून आणलेल्या. कागदावर गणित उत्तम होतं. दूध म्हणजे दहा दिवसांनी पैसा, म्हणजे माझ्याच कसोटीला उतरणारं काम. पण मी मार्चनंतरचं पाणी विचारलं नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली, हिरवा चारा संपला, गाई ऊन सोसेनात, दूध निम्म्यावर आलं. आणि दूध घेणारी गाडी संकलन कमी झालं म्हणून आमच्या फाट्यावर यायची बंद झाली. दुसऱ्या उन्हाळ्याच्या आधी चौघांनी गाई घेतल्या त्याच्या अर्ध्या किमतीत विकल्या आणि कर्ज तसंच राहिलं. त्यातले दोघे ते फेडायला परत पुण्याला गेले. त्या घरांतल्या बायकांचे चेहरे मला अजून आठवतात.

तेव्हापासून दुधाचं कोणी विचारलं तर मी तीन गोष्टी बघून यायला सांगते. मे महिन्यात तुमच्या विहिरीला किंवा बोअरला पाणी किती? दूध घेणारी गाडी गावात की फाट्यावर, आणि ती उन्हाळ्यातही येते का? जनावरांचा डॉक्टर रात्री फोन उचलतो का? तुमचं वावर कोरडवाहू आहे, विहीर नाही. म्हणून सध्या पाच गाई नाहीत, दोनही नाहीत. वडिलांना, मुलीला दूध हवं म्हणून एखादी गाय किंवा म्हैस बांधा, आणि ती इकडचीच घ्या. वर्ध्याकडची गवळाऊ गाय, नागपुरी किंवा पूर्णाथडी म्हैस दूध कमी देतील, पण आपलं ऊन त्यांना माहीत आहे. सोयाबीनचं आणि तुरीचं कुटार (भुसा) घरचंच असेल. २०२२ मध्ये लम्पी हा गुरांचा त्वचारोग आला तेव्हा आपल्याकडे किती गोठे रिकामे झाले हे तुम्ही गावाकडून ऐकलंच असेल. एका जनावरावर सगळी पुंजी लावायची नाही हे त्या वर्षानं पुन्हा दाखवलं.

शेळ्या चालतील. चार घ्या, बेरारी जातीच्या, आसपासच्या बाजारातून बघून. आईच्या हाताला त्यांची सवय असणार. पावसाळ्याच्या आधी आंत्रविषाराची लस टोचायची, पीपीआर या साथीच्या रोगाची टोचली आहे का तेही बघायचं. शेळी महिन्याचा खर्च चालवत नाही, पण ऑगस्टमध्ये फवारणीला पैसे नसतात तेव्हा एक बोकड विकून सावकाराचं दार टळतं. तेवढ्यासाठी ठेवा. ५० शेळ्यांचा बंदिस्त प्रकल्प मोबाईलवर फार छान दिसतो, त्याच्या मागे लागू नका.

किराण्याचं दोन ओळींत सांगते. तुमच्या गावात आधीच तीन दुकानं असतील, आणि ती चालतात ती उधारी सोसण्याच्या ताकदीवर. तुमची ती ताकद नाही. प्रवासी गाडीचंही अवघड आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं, आणि काळी-पिवळी जीपमधल्या बायका एसटीकडे वळल्या. बायकांसाठी ते चांगलंच झालं. पण गाडीचा हप्ता दर महिन्याला आणि सवारी लग्नसराईत, बाजाराच्या दिवशी, हे गणित आता पूर्वीपेक्षा कठीण आहे.

तुमच्या यादीत सगळं आहे, फक्त तुम्ही नऊ वर्षं जे काम केलं ते नाही. वेल्डिंग. भाऊ, हे मला परत आलेल्या जवळजवळ प्रत्येकात दिसतं. शहरातलं काम शहरातच ठेवून यायचं आणि गावात आल्यावर गावासारखं काहीतरी करायचं. गावाला आज तुमच्या हाताची गरज आहे. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) यांच्यापायी माणसं वावरात रात्र काढतात, तार कुंपणाचे अँगल आणि फाटकं हवी आहेत. घरकुलाला दार आणि खिडक्यांच्या जाळ्या. गोठ्याला टिनाचं शेड. ट्रॅक्टर ट्रॉलीचा फाटलेला डाला, वखराची पास (पातं), पेरणी यंत्राचे तुटलेले दाते. पेरणीच्या आठवड्यात दाता तुटला तर शेतकरी दारव्ह्याला जाऊन तीन तास बसतो. तोच माणूस गावातल्या गावात दीडशे रुपये आनंदानं देईल.

पण दोन गोष्टी माहीत असू द्या. पहिली, कंपनीतलं वेल्डिंग आणि गावातलं वेल्डिंग वेगळं. तिकडे तुम्ही वायर आणि गॅसच्या मिग मशीनवर एकच सांधा दिवसभर मारत असाल. इकडे रॉडचं मशीन, गंजलेला पाइप, पातळ पत्रा, आणि व्होल्टेज कधी वर कधी खाली. पातळ पत्र्याला रॉडनं भोक न पाडता सांधणं हा निराळा हात आहे. मापं घेऊन फाटक आखणं, माल किती लागेल ते सांगणं, हेही कंपनीत दुसरा कोणी करत असतो. म्हणून आल्यावर दोन-तीन महिने बाजाराच्या गावातल्या एखाद्या मिस्त्रीकडे रोजीनं काम करा. पैसे कमी मिळतील, पण आठवड्याला मिळतील. भाव कळतील, लोखंडाचा दुकानदार ओळखीचा होईल, आणि कोण पैसे बुडवतं तेही कळेल. मग स्वतःचं मशीन. सिंगल फेजवर चालणारं इन्व्हर्टर मशीन, कटर, ग्राइंडर, ड्रिल, वायर, काच, आणि व्यावसायिक मीटरची अनामत धरून ७० हजारांच्या आत सुरुवात होते. घरगुती किंवा शेतीपंपाच्या वीजजोडणीवर मशीन चालवू नका, एक तपासणी झाली तर वर्षाची कमाई दंडात जाते.

दुसरी गोष्ट उधारी. गावातला हुनर मारला जातो तो इथेच. "कापूस इकू द्या, मंग देतो," हे वाक्य तुम्हाला पहिल्या आठवड्यात ऐकू येईल. सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याच्याकडे खरंच तेव्हाच पैसा येणार असतो, तुमच्यासारखाच. आर्वीकडे एक पोरगा पुण्याहून मोटर रिवाइंडिंग शिकून आला होता. हात चांगला, आणि रब्बीत ओलिताच्या दिवसांत जळालेल्या मोटारींची रांग लागायची. वर्षाअखेरी त्याची वही मी स्वतः बेरीज केली. ६२ हजार येणं होतं आणि तांब्याच्या तारेच्या दुकानदाराचे ४० हजार देणं होतं. काम भरपूर, आणि घरात तेल नाही. त्याला सावरायला दीड वर्ष लागलं. त्यानं केलं ते तुम्ही पहिल्या दिवसापासून करा. माल गिऱ्हाइकानं स्वतः दुकानातून आणायचा, आपल्या खिशातून लोखंड घ्यायचं नाही. मजुरी ठरली की अर्धी आधी, उरलेली वस्तू उचलताना. शंभर-दीडशेचं दुरुस्तीचं काम पूर्ण रोख किंवा फोनवरून लगेच. काका, मामा, सरपंच, सगळ्यांना एकच नियम, आणि तो पाटीवर लिहून लावायचा. नातेवाईक रागावतील. चार महिने रागावतील, मग सवय होते. आणि ज्याला खरोखर अडचण आहे त्याची पास फुकट शेकून द्या, पण वहीत लिहू नका.

यायचं कधी, हे तुम्ही विचारलं नाही, पण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. बरेच जण जूनमध्ये येतात, शाळा सुरू होते आणि पेरणी असते म्हणून. जूनमध्ये आलं की जमवलेला पैसा पहिल्या पंधरा दिवसांत बियाण्या-खतात जातो, पावसाळ्यात बांधकाम बंद, दुरुस्तीचं काम पेरणीपुरतं, आणि माणूस पोळ्यापर्यंत रिकामा होऊन पुण्याच्या मित्राला फोन लावतो. तुम्ही दिवाळीला या. बटईतला अर्धा हिस्सा हातात येईल. लोकांकडे सोयाबीनचे, कापसाचे पैसे असतील. फाटकं, शेड, ट्रॉल्यांची कामं दिवाळी ते अक्षय तृतीया या काळातच निघतात. गुढीपाडव्याला बटई संपून वावर तुमच्याकडे येईल, तोवर चार-पाच महिन्यांची कमाई गाठीशी असेल. मुलीच्या शाळेची काळजी करू नका. शिक्षण हक्क कायद्यानं वर्षाच्या मध्येही प्रवेश द्यावा लागतो, दाखला यायचा बाकी आहे म्हणून शाळा नाकारू शकत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना आधी भेटून घ्या.

पावणेतीन लाखांचं असं करा. ७० हजार वेगळ्या खात्यात, सहा महिन्यांचा घरखर्च आणि वडिलांची औषधं. ५० हजार जून ते ऑक्टोबरच्या शेतीला. ७० हजार मशीन आणि अवजारांना. राहिलेल्या ८५ हजारांना पहिलं वर्ष हात लावायचा नाही. घराचा स्लॅब, मोटारसायकल, भावकीतलं लग्न, सगळ्यांची नजर त्यावर जाईल. शहरातून आलेल्याकडे पैसा असतो असं गावाला वाटतंच. रक्कम किती आहे हे कोणाला सांगू नका.

सरकारी योजनेचं कर्ज पहिल्या वर्षी नको. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि विशेष गटाला ३५ टक्के अनुदान आहे, पण लोक समजतात तसं ते रोख हातात पडत नाही. बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून पडून राहतं आणि नंतर कर्जात वळतं होतं. तोवर हप्ते पूर्ण भरावे लागतात. शिवाय ते नव्या उद्योगालाच मिळतं, चालू धंद्याला नाही, म्हणून पुढेही त्याचा भरवसा धरू नका. साधं कर्ज मात्र दुसऱ्या वर्षी बघा, एक वर्ष धंदा करून, वहीत जमाखर्च लिहून गेलात तर बँकेतला माणूसही वेगळ्या नजरेनं बघतो.

रोजगार हमीकडे पूर्ण पाठ फिरवू नका. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून, १९७२ च्या दुष्काळात आपल्या राज्यानं ही योजना मोठी केली, १९७७ मध्ये तिचा कायदा केला, देशानं ती नंतर उचलली. पण काम मोजून मजुरी मिळते, २०२४-२५ साली दर दिवसाला २९७ रुपये होता, आणि १५ दिवसांत मिळायला हवा तो पैसा अनेकदा महिना-दीड महिना अडकलेला मी पाहिला आहे. म्हणून त्यावर किराणा चालवू नका. जॉबकार्डात मात्र दोघांची नावं घाला आणि कामाची मागणी लेखी देऊन तारखेची पोच घ्या. विहीर, गोठा, फळबाग ही स्वतःच्या जमिनीवरची कामं त्याच कार्डावर मिळत आली आहेत (आताचा नियम ग्रामपंचायतीत विचारून घ्या), आणि तुमच्या कोरडवाहू चार एकरांना विहीर झाली तर दोन-तीन वर्षांनी दुधाचा विचार पुन्हा करता येईल. ग्रामसभेत नाव आलं पाहिजे, त्यासाठी ग्रामसभेला जा. परत आलेली पोरं ग्रामसभेत बसत नाहीत आणि मग यादीत नाव नाही म्हणून रागावतात.

तुमचं पत्र दारव्ह्याचं आहे. पण वाचणाऱ्यांत गडचिरोली-गोंदियाकडचे असतील, त्यांना हे उत्तर जसंच्या तसं लागू नाही. तिकडे वर्षाची घडी वेगळी आहे. मार्च-एप्रिलात मोहफूल, मेमध्ये तेंदूपत्ता, जुलै-ऑगस्टात धानाची रोवणी, आणि काही गावं मिरची तोडायला तेलंगणात. ज्या गावांना वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले तिथे परत येणाऱ्याचं गणित पार बदलतं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये ते मिळाले, आणि २०११ पासून ग्रामसभेनं स्वतःचा बांबू विकला. २०२० च्या मेमध्ये हैदराबादहून आलेली पोरं मी तिकडे फळीवर (तेंदू गोळा करण्याच्या जागी) तेंदूची पुडकी मांडताना पाहिली, एका पुडक्यात ७० पानं. हातात काही नसताना १५-२० दिवसांत घराला आधार झाला. तुमच्या गावाला असा हक्क असेल तर ग्रामसभेचा हिशोब लिहिणं, तोलणं, माल भरणं, लिलावाची बोलणी करणं, हे शहरात राहिलेल्या पोरांनी करण्यासारखं काम आहे, आणि बऱ्याच गावांत ते करणारं माणूस नाही.

बांधकामावरून परतलेल्यांसाठीही एक सांगते. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करायला मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. निघण्याआधी ठेकेदाराकडून तो घ्या, नंतर फोन लागत नाहीत. गवंड्याला गावात काम आहे, पण घरकुलाचे पैसे हप्त्यांनी येतात, आणि हप्ता थांबला की गवंड्याची मजुरीही थांबते. जोत्यापर्यंत, लिंटलपर्यंत, छतापर्यंत, अशी टप्प्यानं मजुरी ठरवा आणि टप्पा संपला की घ्या.

तुम्ही निघण्याआधी तिकडचं एक काम पूर्ण करा. नऊ वर्षांत तीन-चार ठेकेदार बदलले असतील, प्रत्येकानं पीएफचा वेगळा नंबर काढला असू शकतो. सगळे एका यूएएनखाली (पीएफच्या कायमच्या एकाच नंबरखाली) आणा, आधारवरचं नाव आणि पीएफमधलं नाव अक्षर न अक्षर जुळतं का बघा, आणि नोकरी सोडल्याची तारीख नोंदवून घ्या. वहिनींचंही तसंच. गावी बसून या दुरुस्त्या करताना हेलपाटे आणि पैसा दोन्ही जातात. ठेकेदाराशी भांडून येऊ नका. पहिला पावसाळा जड गेला तर दोन महिने तिकडे जाऊन कमावून येणं यात काही कमीपणा नाही, अशी ये-जा करूनच कित्येकांनी इथे जम बसवला आहे.

आता शेवटचं, जे तुमचं पत्र वाचताना मला सगळ्यात आधी खटकलं. पत्रात वहिनींच्या ११ हजारांचा उल्लेख एकदाच आहे, उत्पन्नात. पुढच्या सगळ्या बेतात त्या कुठेच नाहीत. गावी आल्यावर त्यांचा पगार बंद होईल, आणि सासऱ्यांचं करणं, स्वयंपाक, पाणी, शेळ्या, निंदण, वेचणी हे सगळं त्यांच्याकडे येईल. दिवसाचे १४ तास काम आणि हातात एक रुपया नाही. तुमच्या घरातला ११ हजारांचा खड्डा तुमच्या वेल्डिंगनं लगेच भरणार नाही, आणि तो भरायचा विचार त्यांच्याशिवाय होऊ शकत नाही. मी बघितलेल्या घरांत जी टिकली त्यांत बाईचा स्वतःचा रोजचा पैसा होता. कुणाची आटाचक्की आणि मिरची कांडप, कुणाचं शिवणकाम, कुणी उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) बचत गटात हिशोब लिहिणारी. आटाचक्कीत दळण दिलं की पैसे, तिथे कापूस विकायची वाट कोणी बघत नाही. तुम्ही ८५ हजार बाजूला ठेवणार आहात, त्यातले काही त्यांच्या खात्यात, त्यांच्या नावावर ठेवा. गावातल्या उमेदच्या गटात त्यांचं नाव आल्याबरोबर घाला. वडिलांना बसवणं-उठवणं, औषधं देणं यातला सकाळचा वाटा तुम्ही उचला, दुकान नऊला उघडलं तरी चालतं.

पॅकिंगमध्ये वहिनींनी आजवर काय काय केलं, मोजणी केली का, रजिस्टर लिहिलं का, मशीन चालवलं का, आणि गावी यायला त्यांचं मन आहे का, हे मला कळायला हवं. त्यानुसार मी त्यांच्या कामाचं वेगळं लिहीन. पुढचं पत्र त्यांना लिहू द्या.